स्टील मी नेलंय

अहो,

स्टीलची सगळी भांडी घेऊन मी ताईकडे चाललेय. मला शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, जेवण कशात गरम करता? म्हटलं, आमचे हे विकतात त्या प्लास्टिकच्या डब्यांत. म्हणाल्या, प्लास्टिक तापलं की त्यातली रसायनं अन्नात उतरतात, हार्मोन्सचा गोंधळ करतात. वजन आणि शुगर वाढण्यात त्यांचाही हात असू शकतो.

तुम्ही मात्र लग्नापासून स्टीलमध्येच जेवता, 'प्लास्टिकला वास येतो' म्हणून. आणि चारचौघांत मला पिंप म्हणता.

तुमचं जेवण तुमच्याच डब्यात ठेवलंय. झाकण लावून चांगलं कढत करा. वास आला तर नाक दाबा. तोंड आपोआप उघडेल.

— तुमचं पिंप