जिन्यावरची दोरी

शनिवार, ४ ऑक्टोबर
किल्ली मिळाली! टेन काटे बाजाराच्या मागची गल्ली, दुसरा मजला, शंभर वर्षांचं घर, आणि ते माझं. रस्त्यावरच्या दारापासून जिना फक्त माझ्यापुरता, पण इतका उभा की शिडीच म्हणावी. सोफा त्यातून येणं शक्यच नव्हतं. छपराखालच्या हुकाला दोर लावून तो खिडकीतून आत घेतला, तेव्हा अख्खी गल्ली खाली उभी राहून अक्कल शिकवत होती. मासेवाला ओरडला, "अहो, सोफ्याचं सोडा, आधी स्वतःला बांधून घ्या!"

माझी लेक फेन्ना आठ वर्षांची आहे. वेगळे झालो तेव्हाच तिच्या आईनं, इल्सेनं, बजावलं होतं की पोरीला स्वतःची खोली दे, मग ती एक आठवडा तुझ्याकडे राहील. आता खोली आहे. पिवळी रंगवणार आहे. २४ तारखेला ती येईल, आणि मला दुसरं काही नको.

सगळ्यात गंमत दोरीची. रस्त्यावरच्या दाराच्या कडीला बांधलेली ती कठड्याच्या कडेनं चढत थेट माझ्या दाराबाहेर येते. खाली घंटा वाजली की वरून ओढायची, दार उघडतं. दलाल म्हणाला, विजेचं कुलूप बसवून घ्या. छे! इतक्या हातांनी गुळगुळीत झालेली दोरी कोण काढेल?

मंगळवार, ७ ऑक्टोबर
खिडकीबाहेर एक छोटा तिरका आरसा होता. घरात बसल्या बसल्या दारात कोण आलंय ते दिसावं म्हणून. आधीच्या बाई म्हणे दिवसभर त्यात बघत बसायच्या. असल्या चांभारचौकशा मला जमत नाहीत. काढला आणि भंगारात दिला.

दुपारी घंटा वाजली. माझा मित्र हिद्दे यायचाच होता. दोरी ओढली आणि जिन्यात ओरडलो, "ये वर! सरळ वर ये, मी इथेच आहे!" दार उघडलं, लागलं. वर कोणीच आलं नाही. डोकावलो तर जिना रिकामा. तेवढ्यात हिद्देचा निरोप आला की सर्दी झालीय, आज येत नाही. पोरांचा चावटपणा असणार.

रविवार, १२ ऑक्टोबर
तळमजल्यावरच्या कॉर्रीबाईंना कॉफीला बोलावलं. याच गल्लीत जन्मलेल्या, तोंडाच्या फटकळ. दारातूनच त्यांनी विचारलं की मंगळवारी कोण आलं होतं. चढताना त्यांना ऐकू आलं, उतरताना नाही. मी हसत हसत सगळं सांगितलं. आरसा काढल्याचंही.

"अहो शेजारी, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? त्या बाई आरशात बघितल्याशिवाय दोरीला हात लावायच्या नाहीत, ते काय हौस म्हणून? आणि दार उघडलंत ते उघडलंत, वर कशाला बोलावलंत? आपल्यात सख्ख्या बहिणीलासुद्धा महिनाभर आधी यायची तारीख देतात!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत, आणि वरही आल्या नाहीत.

खालच्या पायऱ्यांना ओल्या लोकरीसारखा वास येतोय. आज पिवळ्या रंगाचा दुसरा हात दिला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर
हिद्दे आला, खोली बघून खूश झाला, माझी बिस्किटं संपवून गेला. रस्त्यावर पोचल्यावर त्यानं फोन केला. म्हणाला, तू पण कमाल आहेस, आईला असं जिन्यात बसवतात का, बिचारी भिजलीय, तिला वर तरी घे.

माझी आई जाऊन सहा वर्षं झाली.

लगेच जिन्यावर गेलो. कोणी नव्हतं. पण वास आता अर्ध्या जिन्यापर्यंत आलाय.

मंगळवार, २१ ऑक्टोबर
कॉर्रीबाई बॅग घेऊन पुर्मेरेंडला बहिणीकडे निघाल्या. खिडकीतून विचारलं, मी काय करू? त्यांनी वर न बघताच सांगितलं की बोलावलेल्याला परत पाठवता येत नाही. ती सावकाश येते, पण येते.

खाली जायला निघालो. अर्ध्या जिन्याच्या वरच गुडघा कशाला तरी लागला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. गार, मऊ, ओल्या कोटासारखं. मी गुडघा रेटला तसं त्यानंही रेटलं. शेजारी दोरी थरथरत होती.

परत वर आलो. फार भीती वाटतेय. हे लिहिल्यानं कमी होत नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर
पोलिसांना फोन केला. त्यांनी विचारलं, ती बाई त्रास देतेय का? नाही. मग सोमवारी वस्तीच्या हवालदाराशी बोला.

हिद्देनं डायरी बघितली. पुढचा शनिवार जमेल म्हणाला.

इल्सेला म्हटलं, फेन्नाला नको पाठवूस. ती भडकली. आयत्या वेळी कच खायची तुझी सवय जात नाही, पोरीनं बॅग भरलीय, मी दारात सोडून सरळ विमानतळावर जाणार. कारण विचारलं. काय सांगणार होतो?

दाराखालून पाणी येतंय. पिवळ्या खोलीपर्यंत पोचलंय.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर
ती दाराला टेकून बसलीय. बाहेर. मी ढकलतो, दार हलत नाही. दोरीचं टोक तिच्या बाजूला —

इल्सेचा फोन बंद.

खिडकीतून ओरडतोय. बाजार भरलाय, कोणाला ऐकू जात नाही. मासेवाल्यानं हात हलवला. मीही — मदत, म्हटलं — त्यानं पुन्हा हलवला.

इल्सेची गाडी. फेन्ना उतरली. पाठीवर लाल बॅग. नको, म्हणून ओरडलो, दोन्ही हात केले. तिनंही दोन्ही हात हलवले. हसली. गाडी गेली.

आरसा असता तर दारात फेन्ना एकटीच आहे का ते तरी —

घंटा.

मी ओढणार नाही. मी नाही ओढली. दोरी सरकतेय, कठड्यावर घासतेय, मी नाही —

खाली दार उघडलं.

दाराबाहेरून माझा आवाज. माझाच. ये वर! सरळ वर ये, मी इथेच —

आणि खालून ती, आले बाबा, आले —