घोड्याखालचा हात

गार्दोने, ४ मार्च

ती. ताईस,
धाकट्या गोत्तार्दोचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मठात मौन पाळतात हे ठाऊक आहे, पण माझ्या डब्या संपल्या की मला ते मोडावंच लागतं. मेण-चरबीचं वंगण या खेपेस चार डब्या पाठव. बाजारातलं आणून पाहिलं. थंडीत दगड, उन्हात पाणी. रिव्हॉल्व्हरच्या, गोळ्या भरायच्या घरांची तोंडं तुझ्या वंगणाने लिंपली की एका घरातली आग शेजारच्या घरात शिरत नाही. चाळीस वर्षांत माझ्या हातात एकदाही दोन बार एकदम उडाले नाहीत, ते तुझ्या मधमाश्यांच्या कृपेने.

आता बातमी. जूनमध्ये बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरचे नेमबाजीचे राष्ट्रीय सामने आहेत. आमच्या मंडळाचे तिघे जाणार. दोघे ठरलेत. तिसऱ्या जागेसाठी मी आणि, हसू नकोस, आपली नीवेस. होय, माझी सून! फाउस्तो निम्मा महिना मालट्रक घेऊन जर्मनीत असतो, ही घरात एकटी, म्हणून मीच तिला मैदानावर नेली होती. तीन वर्षांत बया माझ्याच तोडीची झाली. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी. दारूवरची पोकळी भरायला मी चमचाभर रवा घालतो, तर तो डबाही हल्ली लपवते. सुपाला उरत नाही म्हणे.

डोळ्यांचं विचारशील म्हणून आधीच सांगतो. मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टर म्हणतो. पिकू दे. पंचवीस मीटरवरचं काळं वर्तुळ मला अजून दिसतं, जरा धुक्यातलं दिसतं एवढंच. एकेका बाराची दारू मोजून ठेवायच्या कुप्या मी भरून देते असं नीवेस म्हणाली. मी म्हटलं, बाई, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून भरतोय. खरं सांगू? ऑपरेशन म्हटलं की परवाना थांबणार, आणि एकाहत्तराव्या वर्षी थांबलेला परवाना पुन्हा निघेल याची खात्री नाही. माझी रोझाल्बा गेल्यापासून माझ्याकडे ते मैदान तेवढं आहे, ताई. ते गेलं तर रविवारी कुठे जाऊ?

प्रार्थनेत माझा नंबर लागत असेल तर वर सरकव.

तुझा
गोत्तार्दो


मठ, १२ मार्च

चि. गोत्तार्दो यास अ. उ. आ.

चार डब्या सोबत आहेत. आपलं मेण दर वर्षी कुठे जातं असं मोठ्या सिस्टरांनी विचारलं. एका म्हाताऱ्याच्या मनःशांतीसाठी, असं मी सांगितलं. यात खोटं काही नाही.

तुझ्या पाकिटावर तिकीट उलटं होतं आणि पत्त्यात मठाचं नाव दोनदा, एकावर एक. पोस्टमन हसत होता. डॉक्टरला थापा मारशील रे, पोस्टमनला काय सांगणार? ऑपरेशन करून घे. निदान नीवेसला कुप्या भरू दे. त्यात कसला आलाय मान?

आणि सून तोडीची झाली म्हणून एवढा चकित होऊ नकोस. मठात येईपर्यंत, म्हणजे एकोणिसाव्या वर्षापर्यंत, बाबांच्या रिव्हॉल्व्हरवर मी तुझ्याहून बरी होते. हे तू मंडळात कुणाला सांगितलं नसशीलच.

जपून राहा, आणि माझा राग आला तरी पत्र टाक.

तुझी ताई,
सिस्टर जोविता


गार्दोने, ८ एप्रिल

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

परवा निवड झाली. तिसरी जागा मला मिळाली. तेरा बारांतले उत्तम दहा धरतात, माझे शंभरात शहाऐंशी भरले. एक बार फुसका गेला.

नीवेसचे निम्मेच बार झाले. मधेच ती आमच्या दोघांमधली रेघ ओलांडून माझ्या जागेत आली. पाय घसरला म्हणाली. नियम तो नियम. पीलादेने, आमच्या चिटणिसाने, तिला बाद केलं. पोरगी घरी येऊन डाव्या हाताने मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत उभी राहिली.

अभिनंदन कळवायची घाई नको. हवा बरी आहे. जास्त काय लिहू?

गोत्तार्दो


गार्दोने, १७ एप्रिल

ती. आत्यांस,
नीवेसचा सा. न. वि. वि.

तुमच्याकडचं ते पिवळं मलम थोडं पाठवाल का? टेबलाच्या खणात उजवा हात सापडला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या मांसात चिमटा बसलाय, छोटीशी चौकोनी खूण आहे. फार काही नाही, पण रात्रंदिवस ठणकतं. फाउस्तोला कळवलेलं नाही. तो गाडी चालवताना उगाच काळजी करत बसेल.

बाबांचं मात्र काही खरं नाही. जागा मिळाली, पण घरात सुतक असल्यासारखे वावरतात. जेवण निम्मं मांजराला जातं. ज्यांना सुरी कुठे असते ते ठाऊक नव्हतं, ते काल माझ्याआधी उठून बटाटे सोलत बसले होते. अर्धा बटाटा सालीबरोबर गेला, मी काही बोलले नाही. कुप्या ओळीने मांडून एकेकीत काडी घालून बघतात. त्यांना काही विचारू नका, आत्या. फक्त डोळ्यांचं तेवढं मनावर घ्यायला लावा. तुमचंच ऐकतात.

तुम्हाला कधी सांगितलं नाही. लग्नानंतर उदिनेहून इथे आले तो पहिला हिवाळा. फाउस्तो रस्त्यावर, ओळखीचं कुणी नाही. मी माहेरी निघून जायचं ठरवलं होतं, बॅगही भरली होती. बाबांनी ती पाहिली. मला मैदानावर नेलं, कानात मेणाचे बोळे घालता घालता म्हणाले, हवं तेवढं रडून घे, इथे कुणाला काही ऐकू येत नाही. मग हातात रिव्हॉल्व्हर दिलं. बॅग मी त्याच संध्याकाळी रिकामी केली.

तुमच्या आठवणीत मला जागा असू द्या.

तुमची
नीवेस


मठ, २४ एप्रिल

चि. गोत्तार्दो, आशीर्वाद.

नीवेसला मलम पाठवलंय. तुला दोन शब्द पाठवते.

खण असा चावत नाही. खण बोटाचं टोक धरतो, नख काळं करतो. अंगठ्याच्या बेचक्यात चौकोनी चिमटा काढेल अशी एकच वस्तू तुमच्या घरात आहे, ती म्हणजे चाप ओढला की आपटणारा रिव्हॉल्व्हरचा घोडा. उभारलेल्या घोड्याखाली कुणी हौसेने हात घालत नाही. त्याच दिवशी तुझा एक बार फुसका गेला, आणि त्याच दिवशी ती रेघ ओलांडून तुझ्या जागेत आली. हे जुळवायला मला देवाची मदत लागली नाही.

मला खुलासा नको. ज्या माणसाला द्यायचा ते तुझ्यासमोर रोज ताट वाढतं. जीभ वळत नसेल तर लिहून दे. लहानपणी चोरी कबूल करताना तू तेच करायचास.

रागावलेली आणि तरीही तुझीच,
ताई


गार्दोने, २८ एप्रिल

चि. सौ. नीवेस हिस,
अनेक आशीर्वाद.

एकाच घरात पत्र कसलं म्हणून हसशील. हस. समोर बसलो की जीभ वळत नाही, म्हणून ताटाखाली ठेवतोय.

निवडीच्या दिवशी तू भरून ठेवलेल्या कुप्या मी मुद्दाम घरी ठेवल्या आणि माझ्या आणल्या. त्यातल्या एकीत चिमूटभरच दारू होती. मला ती भरलेली दिसली. चाप ओढला, ठिणगी देणारी टोपी फुटली, हाताला धक्का नाही, धूर नाही. धूर दिसला नाही तर घोड्याला हात लावायचा नाही, हे तुला शिकवणारा मीच. पण फुसका गेला म्हणत मी घोडा पुन्हा उभारला. गोळी नळीच्या मध्यावर अडकून बसली होती आणि तिच्या मागून पुरा बार जाणार होता. नळी माझ्या हातात फुटली असती.

तू शेजारून ते पाहिलंस, ओरडली असशील. माझ्या कानात बोळे. तू आपला नेम सोडलास, रिव्हॉल्व्हर खाली ठेवलंस आणि धावलीस. मी चाप ओढला तेव्हा घोडा टोपीवर पडलाच नाही, तुझ्या हातावर पडला. आणि मी काय केलं? डोळे वटारले! तू कानाशी येऊन नळीत गोळी आहे एवढंच म्हणालीस, आणि पीलादेला पाय घसरल्याचं सांगितलंस. खरं सांगितलं असतंस तर माझा परवाना तिथेच गेला असता, म्हणून तू स्वतः बाद झालीस. मी गजाने गोळी काढली, उरलेले बार मारले आणि तुझी जागा घेतली. तीन आठवडे ती घेऊन बसलो. पोरी, एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

आज सकाळी मंडळात जाऊन पीलादेला सगळं सांगितलं. आधी त्याने मला ठेवणीतल्या शिव्या दिल्या, मग दोन पेल्यांत ग्राप्पा ओतली. माझं नाव खोडून तिथे तुझं लिहिलंय. परवाना मी आपण होऊन जमा केला. ९ मेला डोळ्याचं ऑपरेशन आहे. परवाना परत मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर रविवारी तुझ्या मागे खुर्ची टाकून बसेन आणि चुका काढेन. ते काम मला डोळे मिटूनही जमतं.

जूनला अवकाश आहे. मलम लावत राहा. आजपासून बटाटे मी सोलणार, साल जाड निघाली तर बोलून दाखव.

तुझे आभार कसे मानायचे ते मला कुणी शिकवलं नाही. रोझाल्बाचेही मानायचे राहून गेले. म्हणून जे आहे ते सरळ सांगतो. हे पत्र मी उजव्या हाताने लिहिलंय, नीवेस. पाचही बोटांनी.

तुझा बाबा
गोत्तार्दो