खोलीतलं खोलीतच

प्रिय बडबडे,

बाबा आता काठीशिवाय चालतात, हे वाचून जिवाला बरं वाटलं. इकडे तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही. प्रिंटरचे कागद ठेवतात तिथे.

कामाची नवी पद्धत आली ते दिवस आठवतात? चार हजार माणसांच्या कंपनीच्या सात-सात जणांच्या टीम केल्या, 'साहेब' म्हणणं बंद झालं, आणि अकरा वर्षं तुझ्या शेजारी बसलेली मी टीमची प्रमुख झाले. दर दुसऱ्या शुक्रवारी दार लावून बसायचं, आपलं काय चुकलं ते मोकळेपणी सांगायचं. खोलीतलं खोलीतच राहणार. तीन शुक्रवार सगळे तोंडाला कुलूप लावून बसले. शेवटी मीच तुझ्या मागे लागले, "तू सुरुवात कर गं, तुझं ऐकून बाकीचे बोलतील."

तू बोललीस. आपण हॉस्पिटलसाठी केलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये औषधाचा डोस चुकीचा दिसत होता, तो तुझ्या नजरेतून सुटला होता. बाबांना झटका आलेला, तीन रात्री तुझा डोळ्याला डोळा नव्हता, आणि न तपासताच तू 'तपासलं' अशी खूण केलीस. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. कुणी तुला बोल लावला नाही. उलट त्या दिवसापासून एकेकाची जीभ सुटली.

वर्षाअखेरचा फॉर्म मात्र जुनाच राहिला. प्रत्येक टीममधलं एक नाव तळाला टाकायचं, त्या माणसाची नोकरी जायची. मनुष्यबळ विभागाच्या बाईंशी मी भांडले. काम सगळ्यांचं, मग एकाचं नाव कसं देऊ? त्या म्हणाल्या, "काम एकत्र करा, नाव एकच द्या. नाहीतर तुमचं टाकू." वर पुरावाही हवा होता. बाकी पाच जणांविरुद्ध माझ्याकडे काहीच नव्हतं.

तुला काढलं त्या दुपारी आपण दोघी बाथरूममध्ये रडलो. खोलीतलं बाहेर नेलं ते टीममधल्या चष्मेवाल्यानेच, असा तुला संशय आला, आणि मी मान डोलावली. तू अजून त्याच्याशी बोलत नाहीस.

काल तुझ्या नव्या कंपनीतून फोन आला. तिथल्या टीमप्रमुखाच्या जागेसाठी तू माझं नाव सुचवलंस. म्हणालीस म्हणे, "तिच्या हाताखाली मी डोळे मिटून काम करीन." मी नकार दिला. तू कारण विचारशील आणि मी पुन्हा थाप मारीन, म्हणून आजच लिहिते. फॉर्मवर तुझं नाव मी टाकलं, त्या शुक्रवारचे तुझे शब्द जसेच्या तसे उतरवून. मला फोन करू नकोस. चष्मेवाल्याला मात्र कर.

एकेकाळची तुझीच,
शेजारीण