कॅप्टनच्या खिडकीखालचा बार

२६ एप्रिल, १८०४
परत तेच! मंगळवारी गावच्या पलटणीची कवायत. म्हणजे पहाटे चाळीस माणसं येणार, कॅप्टनच्या, म्हणजे आमच्या यांच्या, खिडकीखाली बंदुकांचा बार काढणार, आणि मग कॅप्टनने सगळ्यांना घरात घेऊन खाऊपिऊ घालायचं. मान म्हणे! गेल्या मे महिन्यात ह्याच मानापायी आमच्या हिटीला सातव्यातच कळा लागल्या. पोर गेलं. त्याच्या आधीचंही गेलेलं. आता पुन्हा सातवा, जावई समुद्रावर, आणि सुईण ओल्ड्सबाई बजावून गेली, "पोरीला दचकू द्यायचं नाही!"

यांना सांगितलं. तर म्हणे, "डॉर्कस, कवायतीनंतरच्या सोमवारी निवडणूक. मतं ह्याच चाळिसांच्या हातात. सलामी नको कसं म्हणू?"

नातवंडापेक्षा बॉस्टनच्या विधानसभेतलं बाक मोठं!

२८ एप्रिल
बोलत नाही त्यांच्याशी.

३० एप्रिल
तीन टोपल्या डोनट तळले. हात तळत होते, तोंड शिव्या देत होतं. हे संध्याकाळी टोपी घालून बार्डवेलच्या खानावळीकडे. मतांसाठी रम पाजायला, दुसरं काय! हिटीच्या कानांत लोकर कोंबून ठेवलीय. पहाटे मी तिला धरून बसणार.

१ मे
एकही बार नाही! चिटपाखरू आलं नाही. रम जास्त झाली असेल मेल्यांना. बरंच झालं. हे एकटेच गणवेश चढवून मैदानाकडे निघाले, तोंड पाडून.

"मान हुकला का?" म्हटलं.

टोपी सारखी करून चालते झाले.

७ मे
हरले. यांना एकोणतीस मतं, खानावळवाल्या लेफ्टनंट बार्डवेलला एकसष्ट. सभाघराच्या दारातच बार्डवेलची बायको मला गाठून म्हणते, "तुझ्या नवऱ्याने खानावळीत येऊन सगळ्यांना दम दिला गं, 'माझ्या खिडकीखाली बार काढायचा नाही!' का, तर सांगेना. एकदा बॉस्टनच्या विधानसभेत बसून आला, आता आमची सलामी त्याला हलकी वाटते. सलामी नको तर मतंही नकोत, म्हणाले आमचे लोक."

तिथून तडक निघाले.

घरी येऊन विचारलं, "कारण का नाही सांगितलं त्यांना?"

"हिटीचं दुखणं खानावळीत मांडू?"

गाढव माणूस! मला तरी सांगायचं! आठवडाभर शिव्या घातल्या मी!

२ जुलै
मुलगी झाली. हिटी धड आहे. पोर वासरासारखी हंबरते.

१० जुलै
पहाटे यांची बंदूक उचलली. बागेच्या पार टोकाला गेले, आणि काढला बार आभाळात. खांदा निखळायचा राहिला! पोर हललीसुद्धा नाही. हे मात्र झोपेच्या सदऱ्यावर धावत आले — "कोण आहे? कोण आहे तिकडे?"

"पलटण," म्हटलं. "भूक लागलीय, कॅप्टन. घरात घ्या."