लेबल काढलेली डबी

बुधवार, ता. १४
सकाळचे साडेसहा

ताई,

नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? इकडे सगळं ठीक. तुझ्या मेहुण्यांचा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, चढताना नाही. म्हणून ते म्हणतात, आता आपण नुसतं चढतच राहावं. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहेत. प्रयोगशाळेतल्या सगळ्या बाटल्यांची लेबलं मी काल पुन्हा तपासली. दोनशे चौदा.

हे पत्र तुझे मेहुणे तुझ्याच हातात देतील. वाचताना खोलीचं दार लाव. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि माझा धीर दोन वाक्यांत संपतो. रविवारी तेच झालं.

रविवारी फोन सूनबाईनं उचलला. ती गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, "मावशी, आमच्या भिंगरीबद्दल एक विचारू? ह्यांच्या घरात कोणी फार लवकर, म्हणजे अगदी लहानपणीच वयात आलं होतं का? डॉक्टरांनी विचारून यायला सांगितलंय." भिंगरीच्या छातीत दोन्हीकडे गाठीसारखं लागतंय, फ्रॉक घालताना ती हात झटकते, हे तुला माहीतच आहे. दोनदा रक्त काढून झालं. शुक्रवारी डोक्याचा स्कॅन, आणि हलू नये म्हणून तिला झोपेचं औषध देणार. पाच वर्षांची पोर. "डोक्यात काही निघेल का हो, मावशी?" मागून तुझा आवाज, "कोण गं? धाकटी का? तिला विचार, तोंड कधी दाखवतेस."

मी म्हणाले, "नाही गं, आपल्यात असं कोणाला नव्हतं." आणि फोन ठेवला. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं.

ताई, तुझ्या बाथरूमच्या फळीवर जी डबी आहे, तिच्याबद्दल लिहितेय.

थंडीत तू आली होतीस तेव्हा माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर तुला धड बसता येत नव्हतं. "बसलं की जळजळ, उठलं की जळजळ. लघवीला जायचं म्हटलं तरी अंगावर काटा येतो." पाळी जाऊन तुला चार वर्षं झाली होती. मी सांगितलं, मलाही हेच होतं, डॉक्टरबाईंनी क्रीम दिलंय, तूही चल त्यांच्याकडे. तू म्हणालीस, "त्या दवाखान्यात सुनेची मैत्रीण पावत्या फाडते. संध्याकाळपर्यंत माझी जळजळ गावभर होईल." आपण दोघी किती हसलो. मग तू म्हणालीस, "तुझंच दे की थोडं. एकाच आईच्या पोटातल्या आपण, वेगळं काय असणार आहे?" आणि घरात कुणाला कळता कामा नये म्हणून मला शपथ घातलीस.

मी दिलं. नुसतं दिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. ट्यूबवर नाव होतं, म्हणून दोन ट्यूब पिळून हिवाळी क्रीमच्या रिकाम्या डबीत भरल्या. निळ्या झाकणाची डबी. तिचं लेबल कोमट पाण्यात भिजवून, नखानं खरवडून काढलं. मोजायची नळी दिली नाही, कारण ती बघून कुणीही ओळखलं असतं. "बोटाच्या पेरावर मावेल एवढं घे," म्हणाले. बिनलेबलाची बाटली टेबलावर दिसली की मुलांना वर्गाबाहेर काढणारी बाई मी.

मला ते लिहून देण्याआधी डॉक्टरबाईंनी अर्धा तास प्रश्न विचारले होते. छातीत कधी गाठ झाली होती का, पायात रक्ताची गुठळी, पाळी गेल्यानंतर कधी रक्त दिसलं का. तपासलं. मग सांगितलं, पहिले दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून दोनदाच, नळीवरच्या खुणेइतकं. नंतर हात साबणानं धुवायचे, आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. तुला मी यातलं एकही विचारलं नाही, एकही सांगितलं नाही.

आता पुढचं.

गेल्या महिन्यात मी तुमच्याकडे आले होते. तू ओट्यापाशी होतीस. सूनबाई भिंगरीला आंघोळ घालून बाहेर घेऊन आली आणि तिच्या गालांना, कोपरांना, पोटाला क्रीम चोळू लागली. निळ्या झाकणाच्या डबीतून. मला म्हणाली, "हिला आजीचंच लागतं. दुसरं चरचरतं म्हणे." तू आतून म्हणालीस, "लाव गं, क्रीमच तर आहे. संपलं तर मावशी देईल आणून."

मी चहा प्यायले.

काल त्या दिवसाची डायरी काढून वाचली. लिहिलंय, "निळं झाकण. दुसरी डबी असेल. निळी झाकणं पुष्कळ असतात." म्हणजे शंका आली होती, आणि ती मी सुवाच्य अक्षरात लिहूनही ठेवली होती. पुढच्या ओळीत बस उशिरा आल्याचं लिहिलंय. पुढच्या आठवड्यात तू मागितलंस तेव्हा मी आणखी एक डबी भरून पाठवली.

हे वाचून तू स्वतःला बोल लावशील. लावू नकोस. "क्रीमच तर आहे" हे वाक्य तुझं नाही, माझं आहे. डबी हातात घेताना तू घाबरून विचारलं होतंस, "काही होणार नाही ना गं?" आणि मी म्हणाले, "औषध कसलं, साधं क्रीमच समज." एवढी एक ओळ लिहायला तीन कागद फाडले.

ते साधं क्रीम नाही. त्यात एस्ट्रोजेन आहे. पाळी जाताना बाईच्या अंगातलं जे कमी होतं, तेच. ठरलेल्या जागी, मोजून लावलं तर तुझी-माझी आग थांबवतं. लहान मुलीच्या कातडीतून रोज आत गेलं, तर तिच्या शरीराला वाटतं की मोठं व्हायची वेळ झाली.

काल डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, क्रीम आजच बंद करा. मुलीच्या डॉक्टरांना शुक्रवारच्या आत कळलं पाहिजे, कोणतं क्रीम, किती, कधीपासून. स्कॅन करायचा की नाही हे तेच डॉक्टर ठरवतील. क्रीम थांबल्यावर अशी सूज बहुतेक वेळा काही महिन्यांत उतरते, पण मुलीला न तपासता तसा शब्द देता येणार नाही. मग विचारलं, "तुमच्या ताईंना मधे कधी रक्त, डाग?" मला माहीत नव्हतं. दिसला असेल, थेंबभर जरी, तरी त्यांच्यापासून लपवू नकोस. शनिवारी अकराची तुझी वेळ घेतली आहे. पावत्यांवाली शनिवारी सुट्टीवर असते, तेही विचारून घेतलं.

डबी फेकू नकोस. पिशवीत बांधून उंच ठेव, डॉक्टरांना दाखवावी लागेल. मूळ ट्यूब आणि तिच्या खोक्यातला माहितीचा कागद मेहुण्यांबरोबर पाठवते आहे. त्यांना काल रात्रीच सगळं सांगितलं.

ते दहाला पोचतील. सूनबाई कामावरून बाराला घरी येते. साडेबाराला मी तिला फोन करीन आणि यातलं काही न गाळता सांगेन. तुझी शपथ मोडून. मधला अर्धा तास तुझा आहे. तिनं ते आधी तुझ्या तोंडून ऐकावं, एवढ्यासाठीच हे पत्र. माझ्यावर ढकललंस तरी चालेल. धाकटीनं फसवलं म्हण, ते खरंच आहे. फक्त "शुक्रवार होऊ दे, मग बघू" म्हणू नकोस. रविवारपासून मी स्वतःला तेच सांगत होते.

ती मला यापुढे घरात घेणार नाही, कदाचित तूही नाहीस. तो विचार करून झाला आहे. फोन साडेबारालाच येईल.

शब्द न पाळणारी तुझी,
धाकटी