पंचवीस पाठांत डफ

१२ जानेवारी, रविवार
आजपासून डफ. निर्णय पक्का.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. बापूंना, म्हणजे माझे वडील खेमा राठोड, वय अठ्ठ्याहत्तर, दिवाळीत लकवा मारला. उजवा हात गेला. वाचा शाबूत, जरुरीपेक्षा जास्तच. आमच्या बंजारा तांड्यावर होळीला गात नाचतात ती लेंगी पन्नास वर्षं त्यांच्याच डफावर नाचली गेली. यंदा वाजवणार कोण? आज बैठक झाली. तांड्याचे प्रमुख लालसिंग नायक म्हणाले, पोरं डीजे आणा म्हणून राहिलीत, तर आणू. बापू खाटेवर पडून भिंतीकडे बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी वाजवतो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आदरानेच असावं. धाकटा भाऊ जगन हसला, पण तो कशालाही हसतो.

निघताना बापूंनी स्वतःचा डफ माझ्या हातात दिला. म्हणाले, दर रविवारी ये, हात गेला तरी बोल तोंडात हायेत, आठ रविवारात बसवतो. (आम्ही घरी गोरमाटी बोलतो. इथे मराठीत लिहितो. ऑफिसची सवय.)

मी हो म्हटलं. पण बापूंची शिकवण्याची पद्धत मला ठाऊक आहे. दहा वर्षांचा असताना एकदा बसलो होतो. तालापेक्षा बोटांवरची काडी जास्त लक्षात राहिली.

मोबाईलवर 'पंचवीस पाठांत डफ' ही मालिका सापडली. पुण्याचे सर, रेशमी कुर्ता, एकदम शास्त्रशुद्ध. रोज एक पाठ. सहा फेब्रुवारीला मी तयार. होळी चौदा मार्चला. मधले पाच आठवडे काय करायचं हाच प्रश्न आहे.

१३ जानेवारी, सायं. ७
पाठ पहिला. डफ धरणे. अकरा मिनिटांत खांदा भरून आला. पुजा म्हणाली, बाबा, तुम्ही परात उचलल्यासारखे दिसता. बायको, चंदा, म्हणाली, खरी परात घासून दिली तर बरं होईल. घरात कलेचं वातावरण नाही.

१९ जानेवारी, रविवार
तांड्यावर जाणार होतो. पण जगनची हळद शिजवायची चालली असणार. त्यांच्या कामात आपली लुडबुड नको.

बापूंचा फोन आला. काहून आला न्हाईस? म्हटलं, मीटिंगमध्ये आहे. रविवारची मीटिंग त्यांना पटली. ते ऑफिसात कधी आलेच नाहीत.

पाठ: अजून दुसराच. घाई म्हणजे कलेचा अपमान.

२६ जानेवारी, रविवार
ध्वजवंदन. त्यामुळे तांडा नाही.

साहेबांना सांगितलं, सध्या लोककलेत आहे. साहेब 'अरे वा' म्हणून जिलेबीकडे गेले.

२९ जानेवारी
शेजारच्या आशाबाईंनी चंदाला विचारलं, फर्निचरचं काम अजून किती दिवस चालणार, लय हातोडी वाजून राहिली. चंदाने सांगितलं, होळीपर्यंत. तिने खुलासा करायला हवा होता.

३ फेब्रुवारी, सोमवार
गंभीर बाब.

पुजा मागे उभी राहून पाठ सहावा बघत होती. म्हणाली, बाबा, सरांच्या मागची पाटी उलटी दिसते. निरखून बघितलं. खरंच उलटी. म्हणजे चित्रीकरणच आरशासारखं. सरांचा डावा तो उजवा आणि उजवा तो डावा. मी तीन आठवडे उलट्या हाताने वाजवतोय. व्हिडिओखाली लोकांनी दोन वर्षांपूर्वीच तक्रारी लिहिल्या आहेत. तक्रारी वाचण्याचं काम मी दिवसभर ऑफिसात करतो, घरी कोण करणार?

ठराव: पुन्हा पाठ पहिला. सकारात्मक बाजू ही की आता माझे दोन्ही हात तयार. तांड्यात असा दुसरा कोणी नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
या वहीत खोटं लिहायचं नाही, असं ठरलेलं आहे. म्हणून लिहितो.

कातडं सैल पडलं होतं. सर म्हणतात, मंद निखाऱ्यावर शेकावं. फ्लॅटमध्ये निखारे कुठले? गॅस बारीक केला आणि डफ वर धरला. तेवढ्यात फोन. बापू. आज येतोस का? डफ जाळीवर टेकवून गॅलरीत गेलो. म्हटलं, बापू, ताप आहे. ते म्हणाले, मग राहू दे, जप. ताप किती, काढा घेतला का, चंदा घरी आहे का, सगळं विचारलं. दहा मिनिटं गेली.

वास आला तेव्हा उशीर झाला होता. मधोमध वाटीएवढं भोक.

कातडं जुनंच होतं. कधी ना कधी जाणारच होतं.

१० फेब्रुवारी
रजा टाकली. शिरड शहापूरला एक म्हातारा कातडं चढवून देतो असं कळलं होतं. त्याने डफ फिरवून फिरवून बघितला. म्हणाला, कडं लय चांगलं हाय, कुणाचं? मी म्हटलं, ओळखीच्यांचं. एप्रिलच्या आत जमणार नाही म्हणाला. डफ परत घेऊन आलो, कपाटावर ठेवला.

हिंगोलीत बँडवाल्यांच्या दुकानातून प्लास्टिकचा घेतला. आवाज थोडा पत्र्यासारखा आहे, पण शेकायची भानगड नाही. चंदाला सांगितलं, तांड्यावर बोलू नकोस. ती म्हणाली, बोलण्यासारखं आहे काय यात?

१६ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा बापू. आज म्हणाले, येऊ नको, फोनवरच ऐकव. शेजारी नायकही बसले होते, जगनही. फोन स्पीकरवर होता.

नाही कसं म्हणणार? प्लास्टिक त्यांना फोनवरही कळलं असतं. म्हणून पाठ चौदावा पुजाच्या मोबाईलवर लावला आणि माझा फोन त्याच्याजवळ धरला. सरांचा हात. दोन मिनिटं.

बापू म्हणाले, "हात चांगला हाय रे तुहा."

रात्री जगनचा फोन. बापू रडले म्हणे. नायकांनी डीजेवाल्याला नको म्हणून कळवलं.

पुजा दिवसभर माझ्याशी बोलली नाही. लहान आहे. प्रत्यक्ष वाजवणं आणि योग्य वादन निवडणं, दोन्हीला कान लागतो.

२३ फेब्रुवारी, रविवार
बापूंचा निरोप: तुझं बसलंय, पण ती शहरातली चाल आहे, लेंगीची चाल वेगळी. एक दिवस ये. एकच. ती कुठे लिहिलेली न्हाई.

गेलो असतो. पण गेलो तर वाजवावं लागेल. आणि आपला डफ कुठाय, असंही विचारतील. शिवाय मार्चअखेरची कामं सुरू. पुढच्या रविवारी नक्की.

पाठ अकरावा. सरांच्या बरोबरीने बारा सेकंद न चुकता.

२ मार्च, रविवार, दु. २
सकाळी तांड्यालाच निघालो होतो. खरंच. बूट घातले होते. जगनचा फोन आला. बापूंना दुसरा झटका. हिंगोलीलाच आणतोय.

दवाखान्यात गेलो. वाचा गेली आहे. परत येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

मला बघून बापूंची डावी बोटं चादरीवर हलायला लागली. आपटत होती, थांबत होती, पुन्हा आपटत होती. नर्स म्हणाली, पेशंट बेचैन आहे, तकलीफ होत असेल. मी त्यांचा हात धरून ठेवला. बोटं माझ्या मुठीतही हलत होती. म्हटलं, "बापू, आराम करा. डफाचं मी बघतो." हळूहळू थांबली.

त्यांना बरं वाटलं असावं.

८ मार्च
पाठ तेवीस, चोवीस, पंचवीस एका बैठकीत. वेग दुप्पट ठेवून बघितले. प्रमाणपत्र आलं. धरमचं 'धर्मसिंह' छापलंय, पण चालेल. प्रिंट काढून लॅमिनेशन केलं. बापूंना दाखवायला होईल. कालच त्यांना तांड्यावर नेलंय.

१४ मार्च, धुळवड
आमची होळी पहाटे पेटते. चारला पोचलो. सगळा तांडा उभा. बापूंना खुर्चीत बसवून आणलं होतं, पांढरा फेटा बांधून. जगनने बांधला असेल. वाकडा होता.

मिराबाईने लेंगी उचलली. गेली तीस वर्षं तीच उचलते. मी पाठ पंचविसावा सुरू केला. बायकांचं पहिलं पाऊल पडलं. दुसरं पडेना. माझा ठोका यायचा तेव्हा त्यांचा पाय वर. मी वेग वाढवला. एकीची दुसरीला धडक. मिराबाई गातागाता माझ्या जवळ आली, हळू म्हणाली, धरम, गाण्याकडं बघ. बघितलं. मग हातही चुकला. लेंगी दोनदा तुटली, तिने दोनदा पुन्हा उचलली. नायक जमिनीकडे बघत होते. कोणी हसलं नाही. जगनसुद्धा नाही.

बापूंनी डाव्या हाताने मला बोलावलं. वाटलं, आशीर्वाद. डफ घेऊनच गेलो, त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तळवा वर ठेवला. अंगठ्याने प्लास्टिक चोळून बघितलं. मग कडं चाचपलं, पूर्ण गोल. आणि हात पुन्हा मधोमध ठेवला.

उचललाच नाही.

मी वाजवायला हात वर केलेला, तो तसाच. किती वेळ ते सांगता येत नाही. मागे मिराबाईने टाळ्यांवर लेंगी सुरू केली. बायकांची पावलं बराबर पडायला लागली. उजाडेपर्यंत तसंच चाललं. मी खुर्चीजवळ उभा होतो.

प्रमाणपत्र पिशवीतच राहिलं.

१५ मार्च
हवामान: आगीजवळ प्लास्टिक ताणलं जातं. ठोका फसू शकतो. शिवाय सरांनी लेंगी शिकवलेलीच नाही. तक्रार लिहायला घेतली. 'आपल्या मालिकेत' एवढं लिहून ठेवली.

पुजाने विचारलं, आजोबांना सांगणार आहात का? मी म्हटलं, त्यांना कळलंय. ती म्हणाली, म्हणूनच विचारलं.

२३ मार्च, रविवार
सकाळच्या एसटीने पुसेगाव, तिथून चालत तांडा. बापूंचा डफ कपाटावरून काढून नेला.

जगन शेतात. बापू एकटेच खाटेवर. डफ त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी भोकातून बोटं घातली, पलीकडून बघितली. म्हटलं, "बापू, फोनवरचा हात माझा नव्हता."

ऐकलं की नाही कळलं नाही. माझ्याकडे बघितलं नाही. बराच वेळ भोकाची कड चाचपत राहिले. कड कुरकुरीत झालीय, थोडी गळून पडली.

मग डफ बाजूला सरकवून खाटेच्या लाकडावर डाव्या बोटांनी वाजवायला लागले. दवाखान्यात वाजवत होते तेच. ती बेचैनी नव्हती. हे मी आज लिहितोय, पण कळलं होतं कधी, ते लिहीत नाही.

मी माझ्या बाजूला लाकडावर वाजवलं. चुकलं. त्यांनी पुन्हा वाजवलं. माझं पुन्हा चुकलं. असं चारदा. पाचव्यांदा त्यांचीच बोटं मध्येच थांबली. पुढचं त्यांना आठवेना की हात दमला, विचारायची सोय नाही. डोळे मिटले. झोपले, घोरू लागले.

चारपर्यंत बसलो. उठले नाहीत.

परतीच्या एसटीत गुडघ्यावर वाजवून बघितलं. सुरुवातीचे तीन ठोके बराबर आले. त्यापुढे काय होतं ते येईना. मोबाईल काढून मालिकेत शोधलं, पहिल्यापासून पंचवीसपर्यंत. हिंगोली आली तरी शोधत होतो.

नाहीये.