लाल शाईचा शेरा

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
११ मार्च २००६

तीर्थस्वरूप कांचनमावशीस,

गुरुनाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखरचा समज, कंबर धरल्यामुळे तीन दिवस मी तसाही जमिनीवरच आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? बारा वर्षांत पत्र नाही, फोन नाही आणि आज एकदम गुडघ्यांची चौकशी, म्हणजे याचं काहीतरी काम निघालं असणार, असं तुझ्या मनात आलं असेल. छे, सहज लिहितोय.

इकडे सगळं ठीक, म्हणजे काहीच ठीक नाही. आमचा यतीन एकोणीस वर्षांचा झाला. इथून दोन तासांवरच्या कॉलेजात शिकतो. दोन सेमिस्टर गडगडल्यामुळे त्याला ताकीद मिळाली आहे आणि याही खेपेला नापास झाला तर नाव कमी करणार. तोंडी विचार, प्राध्यापकाला गप्प करेल. पेपरात मात्र दुसरा प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपते. अशा मुलांसाठी इथे कॉलेजात वेगळं ऑफिसच असतं. वाचताना ओळी निसटतात, लक्ष टिकत नाही, हे कागदोपत्री सिद्ध केलं की परीक्षेला दीडपट वेळ, शांत खोली आणि वर्गातल्या नोट्स काढून द्यायला एक विद्यार्थी मिळतो. (आपल्या वेळी अशा मुलाला कोपरा आणि छडी मिळायची, दोन्ही भरपूर.)

त्याला कळू न देता मी त्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाई फार गोड बोलल्या, पण यतीनची सही असल्याशिवाय या नावाचा मुलगा कॉलेजात आहे की नाही, हेसुद्धा सांगता येणार नाही म्हणाल्या. मी त्याचा बाप आहे म्हटलं. त्यावर त्यांनी मला पाणी दिलं. दुसऱ्या खेपेला यतीनला, त्याच्या सहीला आणि माझ्या फायलीला घेऊन गेलो. फाईल तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे कोणत्याही टेबलापुढे उभं राहायचं तर हाती असावी लागते तशी: यतीनची चित्रकलेची प्रशस्तिपत्रकं, पाठांतराचं पहिलं बक्षीस, महाराष्ट्र मंडळातलं नाट्यछटेचं पदक. बाईंनी पानन्‌पान पाहून माझं अभिनंदन केलं. अभिनंदन ऐकून काम बिघडल्याची शंका येण्याची ही माझी पहिलीच वेळ.

पुढे मानसशास्त्रज्ञांनी यतीनची तपासणी केली. त्यात पालकांसाठी चोपन्न प्रश्नांचा फॉर्म होता. प्रत्येकापुढे नेहमी, कधीकधी किंवा कधीच नाही यावर खूण करायची. वीणा खरं ते लिहायला बसली होती. मी तिच्या हातातून पेन काढून घेतलं. परक्या माणसापुढे पोटच्या पोराची उणी बाजू कशी मांडायची? लग्नाच्या मुलीची माहिती लिहावी तसा मी तो फॉर्म भरला. वस्तू हरवतो का? कधीच नाही. (गाडीच्या किल्ल्या त्याने हरवल्या होत्या म्हणून फॉर्म द्यायला मी शेजाऱ्याच्या गाडीतून गेलो.) वाचायला कंटाळतो का? कधीच नाही. चोपन्नच्या चोपन्न.

अहवाल आला: लहानपणी लक्षणं असल्याचा काहीही पुरावा नाही. अर्ज नामंजूर. अहवाल घेऊन कॉलेजातून परत येताना फ्रीवेवर यतीनने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "बाबा, आय टोल्ड देम आय कान्ट रीड. यू टोल्ड देम आय ॲम फाइन. दे बिलीव्ड यू." मावशी, त्याचं बरोबर आहे. पोराचं नाव राखायला गेलो आणि पोरालाच खोटं पाडून आलो. वीणा बोलत नाही, घरी आलेला यतीन खोलीबाहेर येत नाही, आणि मी या फरशीवर. आपल्या हातून हे निस्तरेल असं मला वाटत नाही.

असो. गुडघ्यांना जप. काकांना नमस्कार.

तुझा,
गुरुनाथ

ता. क. कामाचं काही नाही म्हणालो, ते खोटं होतं. यतीन दुसरीत तुझ्या वर्गात असताना तू प्रगतिपुस्तकात लाल शाईने लिहिलं होतंस: "तोंडी उत्तरे उत्तम. वाचताना ओळी गाळतो. लक्ष टिकत नाही. पालकांनी भेटावे." पालक भेटले, पण तुला नाही, हेडमास्तरांना. मी नवं प्रगतिपुस्तक करून घेतलं, त्याची तुकडी बदलून घेतली आणि चारचौघांत म्हणालो की मावशीला घरच्या पोराचं चांगलं पाहवत नाही. तू फक्त म्हणालीस, जुनं राहू दे माझ्याजवळ. ते अजून आहे का? एकतीस मार्चपर्यंत इथे पोचलं तर अर्जाचा फेरविचार होईल. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

ता. क. २. फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता: वडिलांना शाळेत असाच त्रास होता का? तिथेही मी "कधीच नाही" लिहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ओळीखाली फूटपट्टी सरकवत तू मला वाचायला शिकवलंस, हे तुझ्या-माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नाही. ऑफिसात माझ्या खणात अजून एक फूटपट्टी असते. कोणी आलं की मी खण लोटतो. तुझी ती लाकडी सापडली तर पाकिटात घाल. ती कशासाठी असते, हे मी यतीनला आजवर सांगितलेलं नाही.